डेबियन : मुक्त सॉफ्टवेअरचा समुदाय आणि त्यातील प्रवेश

डेबियन ही लिनक्सवर आधारलेली संगणकाची कार्यप्रणाली आहे. विंडोज किंवा मॅकओएस यांच्याप्रमाणे ती संगणकाचा सारा व्यवहार चालवते. मात्र तिच्यामागे कोणतीही कंपनी नाही. जगभर विखुरलेले सुमारे एक हजार अधिकृत सदस्य आणि त्यांच्याभोवतीचे अनेक साहाय्यक ती तयार करतात, सांभाळतात आणि विनामूल्य वितरित करतात. इंटरनेटवरील असंख्य सर्व्हर डेबियनवर चालतात. उबुंटू, काली लिनक्स, रास्पबेरी पाय ओएस या परिचित कार्यप्रणालीही तिच्याच पायावर उभ्या आहेत. डेबियनचे नाव कधी न ऐकलेली व्यक्तीही म्हणूनच दिवसातून अनेकदा नकळत तिचा उपयोग करत असते.

या समुदायात कोणालाही सहभागी होता येते, असे नेहमी सांगितले जाते, आणि ते खरे आहे. परंतु सहभागी होणे म्हणजे नेमके काय, आरंभ कोठून करावा, कोणत्या टप्प्यावर कोणता अधिकार मिळतो आणि तो इतक्या सावकाश का मिळतो, याची माहिती नवागताला सहसा एकत्रित मिळत नाही. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या अन्य प्रकल्पांतील रीतीही बऱ्याच अंशी अशाच असल्याने डेबियनचे उदाहरण त्या सर्वांच्या आकलनास उपयोगी पडते.

उगम आणि सामाजिक करार

१६ ऑगस्ट १९९३ रोजी अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचा विद्यार्थी इयान मर्डॉक याने या प्रकल्पाची घोषणा केली. स्वतःचे नाव आणि आपली तेव्हाची मैत्रीण डेब्रा हिचे नाव जोडून त्याने 'डेबियन' हा शब्द घडवला. लिनक्सचा गाभा त्यापूर्वी दोन वर्षे उपलब्ध होता. परंतु त्याच्या जोडीला लागणारी शेकडो छोटी-मोठी सॉफ्टवेअरे एकत्र करून, एकमेकांशी जुळवून, सुस्थितीत पुरवण्याचे काम विस्कळीत होते. ते काम उघडपणे आणि सामूहिकरीत्या करावे, ही मर्डॉकची कल्पना होती.

१९९७ साली ब्रूस पेरेन्स प्रकल्पाचे प्रमुख असताना 'डेबियन सामाजिक करार' संमत झाला. डेबियन सदैव मुक्त राहील, आपले काम मुक्त सॉफ्टवेअरच्या जगाला परत देईल, आपल्यातील दोष लपवणार नाही, आणि वापरकर्ते व मुक्त सॉफ्टवेअर यांच्या हिताला अग्रक्रम देईल, ही त्यातील प्रमुख वचने होत. सॉफ्टवेअर कोणत्या अटी पाळल्यास 'मुक्त' म्हणावे, याचे निकषही त्याच दस्तऐवजात आहेत. मूळ आज्ञावली, म्हणजे सोर्स कोड, उपलब्ध असावी. ती बदलण्याची आणि पुन्हा वाटण्याची मुभा असावी. कोणत्याही व्यक्तीला, समूहाला वा कार्यक्षेत्राला वगळू नये, असे त्यांचे स्वरूप आहे. पुढील वर्षी, १९९८ मध्ये, 'ओपन सोर्स' या संज्ञेची जी अधिकृत व्याख्या सिद्ध झाली, ती याच निकषांवरून. नवागताने आरंभी वाचावा असा हाच दस्तऐवज होय. पुढे होणाऱ्या बहुतेक वादांत त्याचाच आधार घेतला जातो.

कामाची विभागणी

डेबियनमधील प्रत्येक सॉफ्टवेअर 'पॅकेज' या स्वरूपात असते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुकवर्म' या बाराव्या आवृत्तीत ६४ हजारांहून अधिक पॅकेजे होती. प्रत्येक पॅकेजची जबाबदारी एका व्यक्तीकडे किंवा गटाकडे असते. त्यांना 'मेंटेनर' म्हणतात. मूळ सॉफ्टवेअर बहुधा दुसऱ्याच कोणी लिहिलेले असते. ते डेबियनमध्ये नीट बसवणे, नवी आवृत्ती आल्यावर अद्ययावत करणे, सुरक्षेतील त्रुटी दूर करणे आणि वापरकर्त्यांच्या तक्रारींना उत्तर देणे हे मेंटेनरचे काम.

नवे पॅकेज प्रथम 'अनस्टेबल' विभागात येते. काही दिवस त्यात गंभीर दोष न आढळल्यास ते 'टेस्टिंग' विभागात जाते, आणि साधारण दोन वर्षांनी, बदल गोठवून कसून तपासणी केल्यावर, त्या विभागातून 'स्टेबल' आवृत्ती साकारते. आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' या चित्रपटातील पात्रांची नावे देण्याचा प्रघात आहे. अनस्टेबल विभागाचे कायमचे नाव 'सिड', म्हणजे त्या चित्रपटातील खेळणी मोडणारा शेजारचा मुलगा.

प्रकल्पाचा प्रमुख दरवर्षी सदस्यांच्या मतदानाने निवडला जातो. त्याचे अधिकार मात्र मर्यादित आहेत. कोणावरही काम करण्याचे बंधन नाही, असे प्रकल्पाची राज्यघटना स्पष्टपणे सांगते. कोणी एखादे काम नाकारू शकतो, फक्त त्याने नियमांविरुद्ध कारवाया करू नयेत. अमुक त्रुटी उद्यापर्यंत दुरुस्त करा, असा हुकूम येथे कोणी कोणाला सोडू शकत नाही. नवागताने ही गोष्ट ध्यानात ठेवली, तर पुढील बरेच गैरसमज टळतात.

पहिले पाऊल : दोषाची नोंद

आज्ञावली लिहिता आल्यावाचून येथे काही करता येत नाही, हा सर्वांत प्रचलित गैरसमज आहे. प्रत्यक्षात बहुतेकांचा पहिला सहभाग दोषाच्या नोंदीने होतो. 'रिपोर्टबग' नावाचे छोटे सॉफ्टवेअर त्यासाठी डेबियनमध्येच मिळते. ते आवश्यक प्रश्न विचारते, संगणकावरील पॅकेजची आवृत्ती आपणहून नोंदवते आणि तक्रार ईमेलने पाठवते. प्रत्येक तक्रारीला क्रमांक मिळतो आणि ती सर्वांना वाचता येते.

चांगल्या नोंदीची लक्षणे ठरलेली आहेत. आधी तोच दोष कोणी नोंदवला आहे का, हे पाहावे. एका नोंदीत एकच दोष असावा. आपण काय केले, काय घडणे अपेक्षित होते आणि काय घडले, हे तीन भाग वेगवेगळे लिहावेत. पडद्यावर उमटलेला त्रुटिसंदेश आपल्या शब्दांत न सांगता जसाच्या तसा द्यावा. 'चालत नाही' एवढेच लिहिलेली तक्रार वाचणाऱ्याचा वेळ घेते आणि बहुधा तशीच पडून राहते. उलट, दोष पुन्हा घडवून आणण्याची रीत नेमकी सांगितलेली असेल, तर निम्मे काम झालेले असते.

याहून थोडी पुढची पायरी म्हणजे इतरांनी नोंदवलेल्या जुन्या दोषांची छाननी. अनेक दोष नव्या आवृत्तीत आपोआप दूर झालेले असतात, पण नोंद उघडीच राहते. आपल्या संगणकावर तो दोष अजून आढळतो का, हे तपासून कळवणे कंटाळवाणे असले, तरी मेंटेनरला त्याचे मोल फार. ज्या दोषांचा उपाय ठाऊक आहे, पण तो नवागताने करावा असे मेंटेनरला वाटते, त्यांना 'न्यूकमर' अशी खूण केलेली असते.

अनाथ पॅकेजे

मेंटेनर हाही माणूसच. नोकरी बदलते, प्रकृती साथ देत नाही, आस्था उरत नाही. अशा वेळी तो पॅकेज 'अनाथ' झाल्याचे जाहीर करतो. डेबियनमध्ये हा शब्द अधिकृतपणे वापरला जातो. अनाथ पॅकेजांची, तसेच मेंटेनरने ज्यांच्यासाठी मदत मागितली आहे किंवा नवा पालक शोधला आहे अशा पॅकेजांची यादी सार्वजनिक असते. 'हाऊ कॅन आय हेल्प' नावाचे सॉफ्टवेअर बसवले, तर आपल्याच संगणकावरील कोणत्या पॅकेजांना मदतीची गरज आहे, ते कळते. आपण रोज वापरतो ती गोष्ट कोणाच्या आधारावर उभी आहे, याचा बोध अनेकांना अशा यादीतून प्रथमच होतो.

नवागताने नवे पॅकेज आणण्यापेक्षा एखादे अनाथ पॅकेज दत्तक घेणे अनुभवी सदस्य अधिक पसंत करतात. नवे पॅकेज म्हणजे नवी, दीर्घकाळची जबाबदारी. ती वर्षभरात सोडून देणाऱ्यांमुळेच अनाथांची यादी वाढते.

सदस्यत्वाचे टप्पे

डेबियनच्या भांडारात पॅकेज चढवण्याचा अधिकार म्हणजे लाखो संगणकांवर काय चालेल, हे ठरवण्याचा अधिकार. म्हणून तो टप्प्याटप्प्याने मिळतो. आरंभी नवागत आपले पॅकेज तयार करतो आणि एखाद्या जुन्या सदस्याला ते तपासण्याची विनंती करतो. या सदस्याला 'स्पॉन्सर' म्हणतात. तो उणिवा दाखवतो, त्या दूर झाल्यावर पॅकेज स्वतःच्या सहीने चढवतो. त्या पॅकेजबद्दल त्याचीही प्रतिष्ठा पणाला लागलेली असते.

असे काम पुरेसे झाल्यावर 'डेबियन मेंटेनर' होता येते. हा टप्पा २००७ मध्ये निर्माण झाला. त्याला ठरावीक पॅकेजे स्वतः चढवता येतात, मताधिकार मात्र नसतो. 'डेबियन डेव्हलपर' हा पूर्ण सदस्य. त्यासाठी विद्यमान सदस्याची शिफारस लागते, सामाजिक करार आणि कार्यपद्धती यांवर प्रश्नोत्तरे होतात आणि कामातील कौशल्याची परीक्षा होते. अर्जदाराच्या डिजिटल सहीच्या किल्लीवर आधीच्या सदस्यांनी स्वतःची सही करावी लागते, आणि त्यासाठी प्रत्यक्ष भेटून ओळखपत्र पाहण्याची रीत आहे. हा प्रवास काही महिन्यांत क्वचितच संपतो.

२०१० मध्ये सदस्यांनी ठराव करून आज्ञावली न हाताळणाऱ्यांनाही पूर्ण सदस्यत्व खुले केले. भाषांतर, दस्तऐवजलेखन, रेखाटन, संमेलनांचे आयोजन अशी कामे करणाऱ्यांना पॅकेज चढवता येत नाही, पण मत देता येते. 'डेबियन विमेन' हा उपक्रम २००४ साली स्त्रियांचा सहभाग वाढवण्यासाठी सुरू झाला. २०१४ मध्ये आचारसंहिता स्वीकारली गेली. समोरच्याचा हेतू चांगला आहे असे गृहीत धरावे, ही तिच्यातील एक अपेक्षा आहे.

सावकाशीचे कारण : दोन घटना

इतकी पडताळणी कशासाठी, याचे उत्तर डेबियनच्याच इतिहासातील दोन घटनांत आहे.

पहिली घटना प्रामाणिक चुकीची. इंटरनेटवरील गोपनीय व्यवहारांसाठी लागणाऱ्या 'ओपनएसएसएल' या सॉफ्टवेअरच्या डेबियन पॅकेजमधून २००६ साली दोन ओळी निष्प्रभ करण्यात आल्या. तपासणीच्या एका साधनाने त्या ओळींबद्दल इशारा दिला होता. मूळ प्रकल्पाकडे पृच्छाही झाली होती. पण त्या संवादातून धोका स्पष्ट झाला नाही. परिणामी गुप्त किल्ल्या तयार करताना लागणारी यादृच्छिकता जवळजवळ नाहीशी झाली. एका प्रकारच्या आणि लांबीच्या किल्लीसाठी जेमतेम ३२,७६८ शक्यता उरल्या. एवढ्या किल्ल्या कोणताही संगणक थोड्या वेळात पडताळून पाहू शकतो. लुचियानो बेयो या डेबियन सदस्याच्या हे लक्षात आले आणि १३ मे २००८ रोजी ते जाहीर झाले. जगभरच्या प्रशासकांना किल्ल्या बदलाव्या लागल्या. प्रकल्पाने दोष लपवला नाही, हे करारातील वचनाला धरून झाले. परंतु जी संहिता आपल्याला पुरती उमगलेली नाही, तिच्यातील बदल मूळ लेखकांपुढे नेमकेपणाने मांडून, त्यांची खात्री पटल्यावरच करावा, हा धडा महागात मिळाला.

दुसरी घटना कपटाची. 'एक्सझेड' हे माहितीचा आकार लहान करणारे सॉफ्टवेअर जवळपास सर्व लिनक्स प्रणालींत असते आणि ते वर्षानुवर्षे एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. २०२१ पासून एक नवा साहाय्यक तेथे सुधारणा पाठवू लागला. दरम्यान अन्य काही नावांनी, कामे रखडतात अशा तक्रारींचा ससेमिरा मूळ मेंटेनरमागे लागला, आणि अखेर या साहाय्यकाला सह-मेंटेनरचे अधिकार मिळाले. २०२४ च्या आरंभी त्याने प्रसिद्ध केलेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत दूरस्थ संगणकात शिरकाव करून देणारा चोरदरवाजा दडवलेला होता. तो डेबियनच्या अनस्टेबल आणि टेस्टिंग विभागांत पोहोचला. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड यांना डेबियनवर चाचण्या घेताना दूरस्थ प्रवेशाला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत असल्याचे दिसले. त्यांनी कारण खोदून काढले आणि २९ मार्च २०२४ रोजी ते जाहीर केले. स्टेबल आवृत्ती त्यामुळे वाचली.

पहिल्या घटनेत हेतू चांगला होता, दुसऱ्या घटनेत वर्तन चांगले दिसत होते. दोन्ही वेळा नुकसान रोखले ते इतर कोणीतरी लक्षपूर्वक पाहत होते म्हणून. कपटी माणसाला शिरकाव मिळाला त्याचे एक मोठे कारण असे, की थकलेल्या मेंटेनरच्या मदतीला दुसरे कोणी आलेच नव्हते. मुक्त सॉफ्टवेअरमधील दोष सर्वांना दिसू शकतात, हे तत्त्वतः खरे. पण पाहणारी माणसे पुरेशी असतील, तरच त्याला अर्थ. नवागताच्या कंटाळवाण्या वाटणाऱ्या छाननीचे मोल या संदर्भात कळते.

मराठी आणि कोकणी

डेबियन संगणकावर बसवताना भाषांच्या यादीत मराठी निवडता येते. भाषांतराची रीत सोपी आहे. मूळ इंग्रजी वाक्य आणि त्याखाली मराठी वाक्य अशा जोड्यांची एक फाइल असते. ती भरण्यासाठी संगणकशास्त्र लागत नाही, भाषेची जाण लागते. मात्र एकदा केलेले भाषांतर पुरेसे नसते. मूळ वाक्ये बदलत राहतात आणि ज्यांचे भाषांतर झालेले नाही ती इंग्रजीतच दिसतात. लक्ष देणारे कोणी उरले नाही, की पडद्यावर मराठी आणि इंग्रजी ओळींची सरमिसळ होऊ लागते. 'जतन करा' आणि 'साठवा', 'फाइल' आणि 'धारिका' असे पर्याय वेगवेगळ्या हातांनी वेगवेगळ्या जागी वापरले, तरीही वापरणारा गोंधळतो. म्हणून भाषांतरकाराने आधी त्या भाषेच्या गटाशी संपर्क साधून शब्दसूची समजून घ्यावी, असा संकेत आहे.

काही दोष तर मराठी वाचकावाचून कोणाला दिसणारच नाहीत. एखाद्या फॉन्टने किंवा अक्षरे जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरने 'दऱ्या' हा शब्द 'दर्या' असा दाखवला, तर डोंगरांमधील दऱ्यांचा समुद्र होतो. परदेशातील आज्ञावलीकाराच्या नजरेला दोन्ही आकृत्या सारख्याच योग्य वाटतील. 'ळ' हे अक्षर युनिकोडच्या क्रमांकांत 'ल'च्या शेजारी आहे, मराठी वर्णमालेत मात्र ते 'ह'नंतर येते. नावांची यादी केवळ क्रमांकानुसार लावली, तर ती मराठी क्रमाने लागत नाही. वार, महिने, अक्षरक्रम अशा गोष्टींची नोंद लिनक्समध्ये प्रत्येक भाषेसाठी स्वतंत्र असते. मराठीसाठी आणि देवनागरी कोकणीसाठीही अशा नोंदी आहेत. त्यांतील चूक शोधून, योग्य पर्याय आधारासह कळवणे हे गोव्यातील कोणत्याही सुशिक्षित वाचकाच्या आवाक्यातील काम आहे.

डेबियनचे वार्षिक जागतिक संमेलन 'डेबकॉन्फ' सप्टेंबर २०२३ मध्ये केरळमधील कोची येथे भरले होते. अशा मेळाव्यांत ओळखी होतात, किल्ल्यांवर सह्या होतात आणि महिनोन्‌महिने ईमेलवर रेंगाळलेले प्रश्न एका बैठकीत सुटतात.

आरंभ करताना

व्यवहारात पाहता, संगणकावर किंवा जुन्या लॅपटॉपवर डेबियन बसवून काही आठवडे वापरणे हीच खरी पूर्वतयारी. त्यानंतर आपल्याला स्वतःला खटकलेली एकच गोष्ट निवडावी आणि तिच्यासंबंधी आधी झालेली चर्चा पूर्ण वाचावी. आपण पाठवलेल्या दुरुस्तीत नेमके काय बदलले आणि का, हे लिहावे. एका दुरुस्तीत एकच बदल असावा. सुधारणा सुचवली गेली, तर ती अपमान न मानता स्वीकारावी किंवा कारणासह नाकारावी.

उत्तर न येणे हा नवागताला सर्वांत निराश करणारा अनुभव. त्यामागे बहुधा उपेक्षा नसते. ज्याच्याकडून उत्तर अपेक्षित आहे, तो दिवसभराची नोकरी संपवून रात्री शेकडो नोंदींसमोर बसलेला असतो. दोन-तीन आठवड्यांनी त्याच नोंदीवर सौम्य स्मरण देणे शिष्टसंमत आहे. त्यासोबत काही नवी माहिती जोडता आली, तर अधिक चांगले. नोंद बंद होत नाही तोवर ती तशीच यादीत राहते; आणि वर्षभराने ती उघडून 'हा दोष अजूनही आहे, मी तपासला' असे लिहिणारी दुसरी एखादी व्यक्ती भेटली, तर मेंटेनरला हाताशी एक साहाय्यक मिळालेला असतो.